पाठीवरचं नाव

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात एक नियम आहे आणि तो कुणी मोडत नाही. कापणीच्या यंत्रात हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकायची. कुलपाला लाल बिल्ला असतो, बिल्ल्यावर नाव. ज्याचं नाव, त्यानेच कुलूप काढायचं. मालक आला तरी त्याला हात लावता येत नाही.

या कारखान्यात अकरा वर्षं वायरमनचं काम करणारी बाई चौतीस वर्षांची आहे. राहत्या इमारतीत तिला सगळे वायरमनबाई म्हणतात. दोन्ही मजल्यांवरचे पंखे तिनेच कधी ना कधी उघडलेले आहेत. नवरा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. मुलगी सव्वादोन वर्षांची. तिचं घरातलं नाव मुंगी, कारण जमिनीवर कण पडला की तो हिच्या तोंडात गेलाच म्हणून समजा. एरवी या सवयीचं कौतुक झालं असतं. पण मुंगीला दूध, अंडं आणि शेंगदाणे चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि श्वास अडकतो.

दोन पाळणाघरांनी नकार दिला. एकाने कारण सांगितलं, दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. मग शेजारी पुढे झाले. समोरच्या दाराचे ड्रायव्हरकाका, बसवर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. त्यांच्या बाजूच्या टेलरमावशी, ज्यांचं मशीन दिवसभर घरातच चालतं. आणि वरच्या मजल्यावरची वहिनी, स्वतःच्या मुलामागे धावून धावून तरबेज झालेली. आई सकाळी साडेसहाला निघायची, पावणेचारला परतायची. मधल्या वेळात मुंगी या तीन घरांत फिरायची.

तिघेही काळजी घेणारे होते, आणि घोटाळा नेमका त्यातूनच झाला.

त्या दिवशी काकांनी मुंगीसाठी तिच्याच डब्यातला मऊ भात तिच्याच वाटीत काढला. चमचा टेलरमावशींकडे राहिला होता. मावशींनी तो वहिनीच्या हाती वर पाठवला होता, खाली देताना धुऊन देईल या भरवशावर. वहिनीने त्याच चमच्याने मुलाच्या दुधातली साखर ढवळली आणि तो ओट्यावर ठेवला. काका वर गेले, चमचा दिसला, घेऊन आले. मावशींकडून आला म्हणजे स्वच्छच असणार. दहा मिनिटांत मुंगीचा चेहरा ओळखू येईना.

अशा वेळी लगेच टोचायचं, आईने दिलेलं इंजेक्शनचं पेन काकांकडे होतं. त्यांनी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं, रिक्षा थांबवली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मुलीला मांडीवर आडवं धरून ठेवलं. मुंगी वाचली. संध्याकाळी तिने डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढून पाहिली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई दाखल झाल्या, एक बॅग आणि तयार निर्णय घेऊन.

"महिनाअखेरपर्यंत बघते. एकतर तू नोकरी सोड, नाहीतर पोर मी माझ्याकडे नेते. लोकांच्या दारात टाकून कुणी पोर वाढवतं का?"

"लोकांनीच वाचवली तिला, आई."

"लोकांनीच मारलीही असती. आणि मला सांग, हे दुधाचं काय खूळ आहे? पिशवीतल्या दुधाने होत असेल. आमच्याकडचं ताजं, धारोष्ण दूध पाजून बघ एकदा."

वायरमनबाई फोन घेऊन जिन्यात गेली. फोनवर नवरा म्हणाला, "तुला पटेल ते कर." हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा उपयोग काही होत नाही.

रविवारी तिने तिन्ही शेजाऱ्यांना घरी बोलावलं. काकांची मान खाली होती. वहिनी रडायच्या बेतात होती. "कुणाचीच चूक नाही," वायरमनबाई म्हणाली. "आमच्या कारखान्यात एकाची बोटं गेली तेव्हा यंत्रावर पाच जण होते आणि पाचही जण सावध होते. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बघितलंय. जबाबदारी पाच जणांची होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. नावाच्या कुलपाचा नियम त्यानंतर आला."

मग तिने मावशींना लाल कापडाच्या चार पट्ट्या शिवायला सांगितल्या. प्रत्येकीवर एक नाव: आई, काका, मावशी, वहिनी. मुंगीच्या प्रत्येक झबल्याच्या पाठीवर एक बटण, तिचा हात पोचणार नाही अशा जागी. ज्याचं नाव पाठीवर, मुंगीला भरवणार तोच. दुसऱ्याने पाणीसुद्धा द्यायचं नाही. चमचा, वाटी, पेन एका पिशवीत, आणि पिशवी नावाबरोबर फिरणार. ताबा देताना तोंडी प्रश्न विचारायचे, उत्तर मिळाल्याशिवाय पट्टी बदलायची नाही.

"विमानतळावर सामानाला लावतात तसं दिसतंय," मावशी म्हणाल्या.

"सामान हरवतं," काका म्हणाले. "हे हरवणार नाही."

कसोटी महिना संपायला पाच दिवस असताना आली. वहिनीच्या मुलाचा पाचवा वाढदिवस होता. वहिनीने केक दूध-अंड्यांशिवाय केला, पण पाहुणे काय काय घेऊन येतील याची हमी कोण देणार? "मुंगीला घरातच ठेव," सासूबाई म्हणाल्या. "तिला आयुष्यभर घरात ठेवता येणार नाही," सून म्हणाली आणि साडेसहाला कामावर गेली. यंत्रापाशी फोन न्यायला परवानगी नाही. म्हणजे काय घडलं ते तिला पावणेचारलाच कळणार होतं.

अकरा वाजता वरच्या घरात चाळीसेक माणसं होती. मुंगी गुडघ्यांच्या जंगलातून फिरत होती आणि काका तिच्यामागे दोन पावलांवर. एका पाहुणीने पेढ्यांसारखी काहीतरी दुधाची मिठाई आणली होती. सासूबाईंनी त्यातला नखाएवढा तुकडा मोडला. मिठाई घरच्या ताज्या दुधाची आहे, असं पाहुणीने त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

काकांनी मध्ये हात घातला. "नाही, बाई."

"अहो, नखाएवढा आहे. मी तिची आजी आहे!"

"असाल. पाठीवर नाव माझं आहे."

आवाज चढलेला नव्हता, पण आजूबाजूच्या चार जणांनी वळून पाहिलं. सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुकडा ताटलीत टाकून, हात धुऊन त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. उठून जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं असावं. म्हणून दीड तास त्यांनी सगळं पाहिलं. साडेअकराला काकांनी मुंगीला तिच्या डब्यातलं भरवलं. बाराला मावशी आल्या.

"हात?"

"धुतले."

"भात अर्धी वाटी, साडेअकराला. आत्ता तोंडात काही नाही, मी उघडून पाहिलंय. पिशवीत चमचा, वाटी, पेन. मोजा."

"तीन. घेतली."

काकांची पट्टी निघाली, मावशींची लागली. काका मोकळे झाले आणि प्रथमच केकच्या टेबलाकडे गेले.

साडेबाराच्या सुमाराला मावशी मुंगीचं नाक पुसायला पदर शोधत होत्या. तेवढ्यात एक तरुण पाहुणी खाली वाकली आणि बिस्किट मुंगीच्या तोंडापाशी नेत लाडात म्हणाली, "आ कर बघू."

"ए! थांब!" आवाज कोपऱ्यातून आला. सासूबाई खुर्चीतून अशा उठल्या की खुर्ची मागे पडली. तोवर मावशींच्या हाताने बिस्किट आणि तोंडाच्या मध्ये जागा घेतलीच होती, पण सासूबाई थांबल्या नाहीत. "आधी पाठ बघायची! वाचता येतं ना? तिथं तुझं नाव आहे का?"

"नाही, पण मी सहज..."

"सहज म्हणून कुणी भरवायचं नाही हिला. मी आजी असून मला देत नाहीत!"

काकांच्या तोंडात केक होता, म्हणून ते हसले नाहीत.

पावणेचारला वायरमनबाई जिना चढून आली. मुंगी झोपली होती, ओठ जसेच्या तसे, पाठीवर वहिनीचं नाव. काय झालं, असं तिने विचारलं. "काही नाही," वहिनी म्हणाली. चाळीस माणसं, तीन ताबे, एक मिठाई, एक बिस्किट, आणि काही नाही. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि मोठ्याने हसत सुटली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढला. "पाचवी पट्टी का नाही?"

"परीक्षा द्यावी लागते, आई. काकांनीही दिली, मावशींनीही."

"सुनेकडे?"

"माझ्याकडेच."

सासूबाईंनी परीक्षा दिली. पाकिटांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. सरावाच्या पेनाने उशीला इंजेक्शन टोचताना पहिल्यांदा टोपण काढायला विसरल्या आणि नापास झाल्या. दूध ताजं असो की पिशवीतलं, उत्तर एकच, हे तिसऱ्या दिवशी न अडखळता म्हणाल्या. मावशींनी पट्टी शिवली. त्या दुपारी आजीने नातीला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर भरवलं. आई शेजारच्या खोलीत दोन तास गाढ झोपली, दार लावून.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सासूबाईंनी बॅग भरली. त्यात मुंगीचे कपडे नव्हते.

"पुढच्या महिन्यात येते," त्या काकांना म्हणाल्या. "तोवर माझी पट्टी कुणाला वापरू देऊ नका."

गाडी दहाची होती. काका त्यांना सोडायला गेले. वायरमनबाईला जमलं नाही. तिची सकाळची पाळी होती.