कडेची माणसं

या वयात मी नवऱ्याच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर वाइड लेन्सने फोटो काढायला शिकते आहे. यात लेन्समधून दिसत नाही, वेगळ्या खिडकीतून बघावं लागतं. आणि खिडकीतून सगळेच ठीक दिसतात. घरंही बाहेरून तशीच दिसतात. पुतणीच्या लग्नातला फोटो धुऊन आला, तर कडेला उभ्या माझ्या विधवा जावेचं, सुमनचं, तोंड ताणून भोपळ्यासारखं झालेलं.

दीर हसला, "वहिनी, हिचं काय केलंत?"

संताप आला. तिला कडेला मी उभं केलं होतं का? लेन्स कडेच्या माणसाचे हाल करते, पण निदान हसत तरी नाही.

परवा बारशाला सुमनला मधोमध बसवलं. दीर कुरकुरला. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही कडेला सरका. अजून थोडं."