मान खाली, हात चालू

"मान खाली! हात चालू!"

बांधीच्या काठावरून, धुऱ्यावरून मालक वरडला. एकोडीकडच्या त्याच्या बांधीत आमचा धानाचा रोवना चालू होता. कंबर धरली म्हनून जराशी मान वर केली, तं त्यानं छत्रीच्या टोकानं माही मान दाबली. नाक चिखलात गेलं. "मजुरनीची नजर रोपावर पाहिजे," म्हने. पोटाचा सवाल. चिखल पुसला अन् रोवत राहिली.

त्याच दुपारी बाजूच्या तलावाच्या पाळीवर मालकाच्या राखनदाराले कोनीतरी कुऱ्हाडीनं मारलं. तो जागीच मेला. आरडा आयकून मी मान वर करेपर्यंत मारनारा पळून राहिला होता. पाठ दिसली. पांढरं बनियन. बस.

मंग मालक पहिल्यांदा माह्या दारात आला.

"महादूले पाहालं तुनं. ओळख पटव."

महादू म्हंजे आमच्या गावचा ढिवर, तलावात जाळं टाकनारा. मासोळीवरून मालकासंग भांडनारा.

"म्या तोंड नाई पाहालं, मालक."

"तुमच्या लोकायले तोंड काय अन् पाठ काय! सांगतो तेवढं कर."

महादूले पोलिसायनं धरलंच होतं. ठान्यात जमादारानं मोबाईलवर त्याचा फोटो दाखोला. "नीट पाहून ठेव, बाई."

तवापासून मले भेव लागलं. डोळे मिटले का ती पाठ वळे, अन् तिले महादूचं तोंड राहे. फोटोतलं तोंड. म्या पाहालं का मले दाखोलं, समजेचना. माहे डोळेच मालकाचे होऊन राहिले होते, बाप्पा.

भंडाऱ्याच्या जेलात तहसीलच्या साहेबानं ओळख पटवाले मानसं रांगेत उभे केले. बाकीचे सारे बाजारातले, धडधाकट, पायात चपला. मधात महादू, वाळलेला, अनवानी. आंधळ्यानंबी ओळखला असता. माहं बोट उचललं गेलं, माय! महादू माह्याकडं पाहून राहिला होता. अन् मले नाकातला चिखल आठवला.

बोट खाली घेतलं.

"साहेब, म्या तोंड पाहालंच नाई. मान खाली होती."

आता मले गावात कोनी कामाले बोलावत नाई. मालकाची फटफटी माह्या दारासमोर हळू होते, थांबते, जाते. महादू अजून आतच हाये. "कोर्टात पाहू तुले," मालक म्हनून गेला.

पाह्य. कोर्टातबी मले बोट दाखवाले सांगतीन. दाखवीन. महादूकडं नाई. सांगीन, साहेब, मारनाऱ्याचं तोंड म्या पाहालं नाई. काहून का माही मान दाबून ठेवनारा तो तिथं बसला हाये.