प्रॉमचा गाऊन आणि मागचा बोळ

आमच्या माण गावात सुनेनं पारावरून जायचं नाही. असं कुठं लिहिलेलं नाही आणि मला कुणी बजावलंही नव्हतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंबरोबर दुकानात निघाले. देवळाच्या अलीकडे त्या डावीकडच्या बोळात वळल्या, मीही त्यांच्या मागं वळले. देवळासमोरच्या पारावर भावकीतली वडीलधारी माणसं बसतात, त्यांच्या पुढून सुना जात नाहीत, एवढंच. तेव्हा बोळाच्या पलीकडे भाताची खाचरं दिसायची. आता दोन्ही बाजूंना इमारती आहेत, आमचीही आहे, आणि वर-खाली सगळे आयटीतले भाडेकरू. मी स्कूटी चालवते. डंपरच्या कडेकडेनं बावधनपर्यंत जाते, चांदणी चौकातल्या त्या सगळ्या वळणांतून वाट न चुकता घरी येते. पण पार जवळ आला की हँडल आपोआप बोळाकडं वळतं. माझ्या मुलीला याचं फार हसू यायचं. तिचं बरं आहे, ती गावची लेक. पारावर ती लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून वाढली.

ती दहावीला असताना शाळेनं निरोप समारंभाऐवजी प्रॉम ठेवला. शाळा इंग्रजी माध्यमाची, बावधनच्या बाजूला. मला तो शब्दच नवा होता. दुसऱ्या मजल्यावर अमरावतीची एक मुलगी भाड्यानं राहते, लॅपटॉपवर काम करते, तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू, फार काही नसते हो. छान कपडे घालायचे, जोडीनं आत यायचं, जेवायचं, नाचायचं." मग तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी परदेशातली शाळा. एक मुलगी लांबलचक गाऊन घालून जिना उतरत होती, आणि खाली उभी असलेली सगळी माणसं, तिचे आईबाप, आजी, सगळे तिच्याकडे वर बघत होते. ती मान खाली न घालता सरळ त्यांच्याकडे बघत उतरत होती.

तो जिना माझ्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना तो, कपडे वाळत घालताना तो. माझ्या लग्नात मी मांडवात आले ती माझ्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत. फोटोंत माझा चेहरा नाहीच, नुसत्या मुंडावळ्या. मला माझी लेक अशी सगळ्यांच्या देखत, मान वर करून चालत येताना बघायची होती. दुसरं काहीही नको होतं.

आधी सासऱ्यांशी भांडण झालं. मी त्यांना मामा म्हणते, मुलगी आबा म्हणते. मामा म्हणाले, "पोरीच्या जातीनं पोरांसंगं नाचायचं? हे कुटलं शिक्षान?"

मी म्हटलं, "गणपतीत नाचते तेव्हा तुम्हीच शिट्टी मारता."

"त्ये देवाचं हाय."

"मग हे शाळेचं आहे."

नवरा पिरंगुटच्या कंपनीत कामाला आहे. अशा वेळी त्याची हमखास सेकंड शिफ्ट असते, त्यामुळे लढाई माझी एकटीची. दोन दिवस घरात नुसती भांडी वाजत होती. शेवटी मामाच म्हणाले, "बाह्या पायजेत गाऊनाला. आन् तू सोता घिऊन जायाचं, सोता घिऊन यायाचं." मी ताबडतोब हो म्हटलं. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तेच पारावर बसून सांगायला लागले की आमच्या नातीची शाळा म्हणजे साधी न्हाई, तितं गाऊन घालून जेवाय बसत्यात.

गाऊन पिरंगुटच्या टेलरनं शिवला. त्याचा मूळ धंदा ब्लाउजचा, पण मुळशीच्या धरणावर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायला लागल्यापासून तो गाऊनही शिवतो. तसल्या फोटोंत मागं हातभर नाही, चांगला वावभर घोळ लागतो, वाऱ्यावर उडवायला. आम्ही शाळेचं आहे म्हणून सांगितलं तरी सवयीनं त्यानं घोळ लावलाच. वांगी रंगाचं कापड, मनगटापर्यंत बाह्या, आणि मागं हा एवढा पिसारा. मुलगी आरशासमोर फिरली तर घोळ कपाटाच्या दाराला अडकला. मी म्हटलं, राहू दे, मी धरेन मागून.

आणि मग शाळेनं जोड्या लावल्या.

त्यांनी भांडणं नकोत म्हणून सरळ मार्ग काढला. मुलींच्या हजेरीतली पहिली आणि मुलांच्या हजेरीतला पहिला, दुसरी आणि दुसरा, असं. शाळेत हजेरी आडनावाप्रमाणं लागते. आता वर्गात निम्मी पोरं आमच्या गावची, आमच्याच भावकीची, सगळ्यांचं आडनाव एकच. बाईंनी मोठ्या कौतुकानं जोड्या वाचून दाखवल्या, आणि आमच्या गावच्या प्रत्येक पोरीच्या वाट्याला तिचा चुलत नाहीतर चुलतचुलत भाऊ आला. माझ्या मुलीला जो आला त्याच्या मनगटावर तिनं बांधलेली राखी अजून होती, धागा पार विटेपर्यंत तो काढत नाही. वर्गात आधी कुणालाच कळेना, मग एकदम खसखस पिकली. घरी येऊन सांगताना मुलगी पोट धरून हसत होती. मीही हसले. मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "बाईंला नाती कळत न्हाईत व्हय? कुटल्या गावच्या?"

बाई पुण्यातल्या. बिचाऱ्या भल्या होत्या, चूक कळल्यावर त्यांनी जोड्या बदलायची तयारी दाखवली. पण आमच्या गावची पोरं म्हणाली, आम्हाला जोड्याच नकोत, आम्ही नर्सरीपासून एका व्हॅनमधून येतोय, सगळे एकदम आत येतो. बाई म्हणाल्या, प्रॉममध्ये जोडीनंच यायचं असतं. पोरं म्हणाली, मग आम्ही येत नाही. भांडण नाही, तंटा नाही. सगळी मिळून बाईंना नमस्कार करून आली, आणि बाईंनी सगळ्यांना पेन दिलं.

हे मला कळलं ते प्रॉमच्या आदल्या दिवशी, गाऊनला इस्त्री करताना.

माझा भडका उडाला. म्हटलं, तुझ्यासाठी मी मामांशी भांडले, पिरंगुटला चकरा मारल्या, आणि तू नुसतं येत नाही म्हणून सांगून आलीस? घ्यायची दुसरी जोडी! कोण खाणार होतं तुला? त्या व्हॅनमधल्या पोरांना काय, रोज बघतेसच की. ती खाटेवर मांडी घालून ऐकत होती. मामा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं हे खूश होणार. तर तेही तिच्यावरच घसरले. "जात न्हाईस म्हंजी? मी समद्या पाराला सांगून बसलोय!"

मुलगी म्हणाली, "मम्मी, तुला काय बघायचंय ते मला माहितीय. तू तो व्हिडिओ रोज बघतेस."

मी त्याच बाहीवरून पुन्हा इस्त्री फिरवली.

"पण तिथं पॅरेंट्सना आत घेत नाहीत. नोटीस आलीय कधीची, मी तुला दाखवली नाही. तू मला गेटवर सोडणार, आणि मी परत येईपर्यंत वॉचमनजवळ बसणार. मग मी आत कुणाला दाखवू?"

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. रडू आलं, ते तिला दिसू नये म्हणून उगाच घोळाची घडी घालत बसले. ती कधी एवढी मोठी झाली हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मामा चपला घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर, भावकीतली सगळी पोरं नटून आमच्या दारात जमली. मुलांनी मोठ्या भावांचे लग्नातले कोट घातले होते. ठरलं असं, की सगळ्यांनी मिळून देवळात जाऊन पाया पडायचं, मग व्हॅनमधून पिरंगुटला मिसळ खायला. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं खाली येऊन माझ्या लेकीचे केस बांधले. मग लेक आमच्या इमारतीचा जिना उतरली. लिफ्ट आहे, पण ती जिन्यानंच आली. मी खाली उभी राहून वर बघत होते. मला वाटलं झालं, मिळालं मला जे हवं होतं.

ती रस्त्यावर आली तसा मी मागं जाऊन घोळ उचलला. दोन्ही हातांत धरून तिच्या मागं चालायला लागले. पोरं पुढं. बोळाच्या तोंडाशी आलो. मी घोळ तिच्या एका चुलत बहिणीकडे देत म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी बोळातून देवळाच्या मागं येते."

ती थांबली. सगळी पोरं थांबली.

"मम्मी, माझी जोडी तू आहेस."

"येडी का काय? पारावर सगळे बसलेत. मामा आहेत."

"म्हणूनच. आणि मागनं नाही, शेजारनं चल."

"मग घोळ?"

"लोळू दे की."

तिनं माझा हात धरला. घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा धरायचे तसा. मी पदर डोक्यावर घ्यायला गेले तर पिनेत अडकला, आणि तोवर पार आलाही. सगळी वडीलधारी माणसं आमच्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी त्या पाराची फक्त पाठ बघितली होती. पुढून तो फारच लहान होता. मला माझ्या अंगठ्याकडे बघायची फार इच्छा झाली, पण लेक शेजारी मान वर करून चालली होती, मग मीही केली.

मामा मधोमध बसले होते, पाय खाली सोडून, आमच्या वाटेत. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पाय वर घेतले आणि शेजारच्याला म्हणाले, "सरक की रं. वाट द्या. आमची मानसं येत्यात."

पोरं पुढं जाऊन ओरडली, शिट्ट्या वाजल्या, पुढचं मला नीट आठवत नाही. गाऊन धुताना घोळातून बादलीभर माती निघाली आणि त्याचा रंग काही परत आला नाही.

दोन दिवसांनी दळण आणायला स्कूटीवर निघाले. बोळ आला, हँडल सवयीनं वळलं. मी ब्रेक दाबला. पायानं ढकलत गाडी मागं घेतली आणि सरळ पारावरून काढली. मामा एकटेच बसले होते. मला वाटलं काही बोलतील.

"दमानं जा," ते म्हणाले, "फुडं डंपर हायेत."