भित्रे पेटीमास्तर

शहापुरात माझी मुलगी ज्यांच्याकडे पेटीवर गाणं शिकायची, ते मास्तर मुळात भित्रे. गल्लीतलं कुत्रं भुंकलं तरी दार लावून घ्यायचे. मुंबईच्या दंगलीची झळ आमच्यापर्यंत पोचली, त्या संध्याकाळी मी मुलीला आणायला गेलो होतो. काठ्या घेतलेले चौघे दारात आले.

"मुलाण्याची पोरगी हितं येते ना, मास्तर?"

ती पुढच्याच रांगेत गात होती.

"आज नाय आली," मास्तर म्हणाले. "पोरांनो, सा सोडू नका रे."

एकाही पोराने तिच्याकडे पाहिलं नाही. मी जमिनीकडे बघत राहिलो. माणसं गेली.

तिचे वडील येईपर्यंत मास्तरांनी भाता थांबवला नाही. मग उठायला गेले, तर पाय उचलेनात. तिच्या वडिलांनी आणि मी त्यांना धरून उभं केलं.