क्लचवरचा अनवाणी पाय

आमच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट लागोपाठ दुसऱ्या वर्षी जळली, आणि तीही ऐन आषाढात, भाताचा तरवा लावणीला आलेला असताना. कट्टा गावातल्या गॅरेजात दिवसभर ट्रकांखाली पडून घरी आलो, तर अंगणातच तो करपट वास नाकात शिरला. ट्रॅक्टर मांगराच्या छपराखाली उभा होता, आणि बाबा त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसले होते.

"प्लेट गेली," ते म्हणाले. "आताच्या मालात दम नाय."

माझ्याही अंगात दम नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या आणि घरी आलं की हा म्हातारा. आमच्या तेवढ्याशा भाताच्या कुणग्यांना ट्रॅक्टर म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. पण बाबांनी सारा जन्म बोटीवर, इंजिनाच्या खोलीत काढलेला. परत आल्यावर बैलजोडी विकून घाटावरून हा कुणीतरी वापरून टाकलेला ट्रॅक्टर आणला. मुंबईचे काका दर पत्रात लिहायचे, काजीची झाडं लावा नि गप बसा. बाबांना मात्र आपली जमीन आपण नांगरायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. या वर्षी चिखलणी झाली नाही तर काकांचं खरं होणार होतं, आणि बाबांना ते सोसलं नसतं.

आई दारातून म्हणाली, "तरवो जून होत चललो हां." जसं काही मला दिसत नव्हतं.

ट्रॅक्टरचा क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध तोडायचा. डिझेलची नळी, वायरी, स्टिअरिंगचा दांडा सगळं सोडवायचं, मागच्या धडाखाली फणसाचे ओंडके लावायचे, इंजिन कलंडू नये म्हणून पुढच्या आसाला दोन्ही बाजूंनी पाचरी मारायच्या, आणि मग पुढचा भाग ढकलत पुढे न्यायचा. प्लेट आणि तिच्यावर दाब ठेवणाऱ्या नव्या स्प्रिंगा कोल्हापूरच्या गाडीने आल्या. रविवारी सकाळीच आम्ही बापलेक कामाला लागलो. मला या कामाचा मनापासून कंटाळा आला होता, हे सरळच सांगतो. बाबांना नव्हता. प्लेट बरोबर मध्यावर बसावी म्हणून त्यांनी चिव्याच्या बांबूची काठी तासून, तिला कापड गुंडाळून ठेवली होती. मी बोल्ट आवळेपर्यंत त्यांनी ती काठी जराही हलू दिली नाही.

दोन धडं जोडताना शाफ्ट काही केल्या आत जाईना. मी शिव्या घालत होतो. बाबांनी पुढे जाऊन इंजिनाचा पंखा जरासा फिरवला, तसे आतले दाते जुळले आणि पुढचा भाग गप्पकन आत बसला. मग दोघांनी चहा घेतला.

राहिलं होतं पेडल. पेडल दाबायला लागलं की आधी दोन बोटं मोकळं जायला हवं, नाहीतर प्लेट पुरती धरत नाही, घासत राहते आणि जळते. बाबा वर बसले आणि मी खाली आडवा पडून सळीचा नट फिरवू लागलो. मोकळं अंतर ठेवावं आणि लगेच ते नाहीसं व्हावं. पुन्हा नट फिरवला, पुन्हा तेच.

"बाबा, पेडलार पाय आसा काय?"

"नाय रे."

मी मान वळवून वर पाहिलं. त्यांचा भेगाळलेला अनवाणी पाय पेडलवर निवांत टेकलेला होता, घरच्या उंबऱ्यावर टेकावा तसा. त्यांना पत्ताच नव्हता.

आमच्या घरी ट्रॅक्टरवर चपला घालून कुणी चढत नसे. "जो पोटाक घालता, तेच्यार चपला घालून चढाचा नाय," हा बाबांचा नियम. तो बोटीवरून आलेला की घरातला, देव जाणे. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "तुमी नांगरताना पाय खंय ठेवतास?"

"पत्रो तापता रे खालचो. मग पाय पेडलार ठेवतंय. दाबनंय नाय, नुसतो टेकून."

मला इतका राग आला की रडू येईल असं वाटलं. दोन प्लेटी या नुसत्या टेकण्यात गेल्या होत्या. मी तसं त्यांना सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने. ते उतरले, पाय पुसले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला हातात घेऊन मांगरात आले. बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत क्षमेचं गाऱ्हाणं घातलं, चपला चढवल्या आणि वर बसले. ट्रॅक्टर कुणग्यात उतरला; मी मेरेवर, म्हणजे बांधावर, उभा राहून बघत होतो. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात गिअर करकरले, मग पुन्हा करकरले, आणि ट्रॅक्टर मेरेला लागून उभा राहिला. बाबा खाली उतरले. डावा गुडघा चोळत राहिले.

"क्लच दबना नाय रे."

"स्प्रिंगो नव्यो आसत, बाबा. चार दिवसांनी सैल येतल्यो."

"तेच्यो नव्यो आसत," ते म्हणाले. "माझ्यो जुन्यो झाल्यो." आणि त्यांनी मान हलवून मला वर बसायची खूण केली. एवढी दोन वर्षं ट्रॅक्टर नको नको म्हणणारा मी, आता तो माझ्याच गळ्यात पडला होता आणि मला फक्त त्यांचं वाईट वाटत होतं.

मी पायदानावर पाय ठेवला.

"चपला घाल," बाबा म्हणाले.

खाली पाहिलं तर माझ्या चपला मेरेवर काढलेल्या. कधी काढल्या ते कळलंही नव्हतं.

"घाल रे. पाय भाजतले."

मी चपला घातल्या आणि वर चढलो. कुणगा संपेपर्यंत ते मेरेवर उभे होते, स्वतःच्या चपला हातात धरून.