तुंगनाथचं जॅकेट, व्हाया पानिपत

हिमालयातल्या तुंगनाथला जायचं ठरलं मार्चमध्ये, मंदिर उघडणार मे महिन्यात, आणि आमच्या घरात भांडण पेटलं ते एका जॅकेटवरून. माझे सासरे, नाना, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे नोएडात राहत होते. टूथपेस्टच्या ट्यूबवरचा कारखान्याचा पत्ता वाचल्याशिवाय ते दात घासत नसत. परदेशी माल अंगाला लावणार नाही, हा त्यांचा बाणा. माझा नवरा सुहास बरोबर उलटा. बाजार खुला झाला आणि याचा देशी वस्तूंवरचा विश्वासच उडाला. "वर बर्फ असतो. इंपोर्टेड जॅकेट घेतलं तरच नानांना नेणार, नाहीतर बुकिंग कॅन्सल," त्यानं जाहीर केलं. निघायला तीन दिवस उरले होते.

नानांना जायचंच होतं. सासूबाई असताना दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी बदली, परीक्षा, कुणाचं तरी लग्न आडवं यायचं. मग त्याच गेल्या. त्यांनी तुंगनाथसाठी म्हणून विणलेला राखाडी स्वेटर मात्र राहिला, आणि जॅकेट त्या स्वेटरवरून बसलं पाहिजे, ही नानांची दुसरी अट होती. या स्वेटरचं एक गुपित मला ठाऊक होतं. करोलबागेत लोकर घेताना मी सोबत होते. लोकरीच्या गुंड्यांवर न्यूझीलंडचं लेबल होतं. सासूबाईंनी एकेक लेबल काढून माझ्या पर्समध्ये कोंबलं आणि म्हणाल्या, "मऊ आहे गं फार. ह्यांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

पहिला दिवस गुडगावचा. नोएडाहून दीड तास धरा, आणि पार्किंगमध्ये गाडी कुठं लावली ते लिहून ठेवा. मॉल तेव्हा नवे होते. बाहेर बेचाळीस अंश, आणि नाना पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून दारात उभे. गार्डनं त्यांची दोनदा तपासणी केली. आत परदेशी कंपनीचं लालभडक जॅकेट सुहासला पसंत पडलं. किंमत बघून मला घाम फुटला, पण तो खूश होता. तेवढ्यात नानांनी चष्मा लावून आतली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मेड इन इंडिया, नोएडा, आणि सेक्टर आमच्या घरामागचा.

"एक्सपोर्ट क्वालिटी है सर," विक्रेती म्हणाली.

"नोएडा में तो हम रहते हैं," सुहास दुखावल्या आवाजात म्हणाला. "यहाँ क्यों आते?"

नानांना तोच माल आवडला होता, पण स्वेटरवरून चेन लागेना. आम्ही फूड कोर्टात छोले-भटुरे खाऊन परतलो.

दुसऱ्या दिवशी पहाडगंज. गाडी घरीच ठेवा, तिथं पायसुद्धा ठेवायला जागा नसते. एका घाऊक दुकानात लालाजींनी काळं जॅकेट पुढं टाकलं. त्याला लेबलच नव्हतं. सुहासनं देश विचारला, तर त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडून गल्ल्यावर उपडा केला. त्यात नुसती लेबलं होती.

"कौन सा देश लगा दूँ? इटली, कोरिया, जर्मनी?"

आणि माझा इंजिनिअर नवरा खरोखर विचारात पडला. "जर्मनी ठीक राहील ना गं?" त्यानं मला हळूच विचारलं.

"इंडिया है क्या?" नानांनी विचारलं.

लालाजींनी सगळा ढीग चिवडला. "इंडिया का माँगता कौन है, बाउजी?"

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांचा तो पडलेला चेहरा बघून मला सुहासचा मनापासून राग आला. जॅकेट तर बाह्यांतही अपुरं होतं.

तिसऱ्या दिवशी पानिपत. विदेशातून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे तिथं येतात आणि त्यांचं सूत काढून ब्लँकेटं होतात, असं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. हायवे चांगला, मुरथलला पराठे खा, लोणी मागू नका, ते आपोआप येतं. "आपली माणसं तिथं थंडीत गरम कपड्यांवाचून कुडकुडली," नाना खिडकीतून बघत म्हणाले, "आणि आपण भर उन्हात जॅकेट आणायला चाललोय. निदान कुणीतरी शहाणं झालं." सुहास दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

गोदामात कपड्यांचा छतापर्यंत डोंगर होता. नाना स्वेटरसकट त्यात शिरले आणि अर्ध्या तासानं एक हिरवं, तंबूएवढं जॅकेट घालून बाहेर आले. चेन गळ्यापर्यंत लागली. आतल्या पुसट लेबलवर लिहिलं होतं, मेड इन इंडिया.

"विदेशातून आलंय, म्हणजे इंपोर्टेड," सुहास म्हणाला.

"इथं शिवलंय, म्हणजे स्वदेशी," नाना म्हणाले.

गोदामवाला बिडी विझवत म्हणाला, "यहीं बना, विलायत घूम आया, अब यहीं कटने आया था। ताऊ ने बचा लिया।" जॅकेट वजनावर मिळालं, पावणेदोन किलो.

तुंगनाथला बर्फ होता. मंदिरापाशी पोचल्यावर नानांनी भर वाऱ्यात जॅकेटची चेन खाली ओढली आणि स्वेटर उघडा टाकून बराच वेळ उभे राहिले. सुहास ओरडत होता, पण मी त्याचा दंड धरून ठेवला.

जॅकेट घ्यायला निघालात तर चेन आणि काखेतली शिवण बघा, आणि आत जे घालायचं ते घालूनच जा. देशाचं आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

परतल्यावर मी स्वेटर धुवायला घेतला, तेव्हा नाना मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सूनबाई, गार पाण्यात धू. बाहेरची लोकर आहे."

माझे हात पाण्यातच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं तिच्याच हातचे स्वेटर घातले. सगळे टोचायचे. हा पहिल्या दिवसापासून टोचला नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तिनं लेबलं लपवायला एवढी मेहनत घेतली होती," नाना म्हणाले.