वाटेवरच्यांची नावं

ल्हारीत हिवाळ्याचा राखणदार चिठ्ठी टाकून ठरवतात, आणि चार वेळा ती चिठ्ठी युडोनचीच निघाली. चिठ्ठीचा हिच्यावर जीव जडलाय, असं लोक थट्टेनं म्हणत. थंडी पडली की सगळं गाव खेचरं-मेंढ्या घेऊन खालच्या मुलखात जाई. मागे राहत दोन थकलेले म्हातारे आणि युडोन. छपरांवरचा बर्फ ढकलायचा, मठातला दिवा विझू द्यायचा नाही, आणि घाटवाटेला लागलेल्या माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की वाट ते ऐकते आणि माणूस ठेवून घेते. युडोनच्या सासूनं एकदाच उंबऱ्यात उभं राहून वाटेवरच्या मुलाला नावानं हाक मारली होती. युडोन विधवा झाली ती त्याच आठवड्यात.

त्या आश्विनात गोन्पो मुखियाच्या अंगणात खाली निघायचं उरलेलं गाव जमलं होतं. शाळेचा धनबीर मास्तर जिल्ह्याच्या माणसानं आणलेला कागद वाचत होता. नेपाळभर नव्या गावपालिका बनत होत्या, तशी इथली चार गावं जोडूनही एक बनली होती. दिवसभर चालून जिथे माणूस दिसत नाही त्या मुलखाला पालिका म्हणायचं, यावर सगळे पोट धरून हसले.

मग मास्तर मध्येच थांबला. "ल्हारीला वॉर्ड नाही दिलेला. थोर्पात घातलंय आपल्याला."

थोर्पा घाटापलीकडे, आणि घाट पाच महिने बंद. जन्माचा दाखला, शाळा, औषधांची पेटी, सगळं आता तिकडे जाणार होतं.

"का म्हणून?" गोन्पोनं विचारलं.

"इथे लिहिलंय, कायम राहणारी माणसं तीन."

"कुठलं आंधळं आलं होतं मोजायला?" मागून कोणी तरी म्हणालं.

युडोनला मोजणारे आठवले. गेल्या कार्तिकात ते दोघे आले होते. तिनं त्यांना लोण्याचा चहा पाजला होता, शेकायला चुलीपाशी बसवलं होतं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, कोण कोण राहतं? मी आम्हा तिघांची नावं दिली. तुम्ही सगळे वाटेवर होता. तुमची कशी घेऊ?"

"अगं, आकडा तरी सांगायचास," गोन्पो म्हणाला. सगळे त्याला मेमे, म्हणजे आजोबा, म्हणत.

"सांगितला की, मेमे. दीडशे म्हटलं. तर म्हणाले, नावाशिवाय माणूस धरत नाही."

तिला कोणी बोललं नाही. तिच्या जागी दुसरं कोणीही असतं तरी हेच केलं असतं, हे ज्याला त्याला कळलं. दीडशे माणसं तिनं जिवापाड जपली होती, आणि कागदानं ती जन्मालाच घातली नव्हती.

"हरकत घेता येते," मास्तर म्हणाला. "पण आज शेवटचा दिवस. जिल्ह्याचा माणूस दुपारी परत निघतोय. एकूण एक नाव हवं."

हजर असलेल्यांची नावं भराभर झाली. एकसष्ट. मग यादी अडली. बाकीचं गाव परवाच खाली निघालं होतं आणि आज नेमकं घाटमाथ्यावर असणार होतं. गोन्पोच्या दोन्ही मुली त्यात होत्या. सगळ्यांच्या पुढे, वाट फोडायला, युडोनचा एकुलता एक मुलगा काल्देन होता.

"मास्तर, तूच लिही ना," गोन्पो म्हणाला. "तू खालचा माणूस. तुझं वाट कशाला ऐकेल?"

"मेमे, मला शाळेतली पोरं ठाऊक. ती तर इथेच आहेत."

सूर्य मठाच्या छपरावर आला. जिल्ह्याचा माणूस खेचरावर खोगीर कसायला लागला होता.

युडोन उठली आणि मास्तरच्या समोर जाऊन बसली.

"आधी माझ्या घरचं लिहा," ती म्हणाली. "काल्देन."

गोन्पोची बायको तिच्या तोंडावर हात ठेवायला धावली. पण नाव निघून गेलं होतं.

"वय?" मास्तरनं विचारलं.

"चोवीस," युडोन म्हणाली, आणि घाटाकडे पाठ करून बसली.

मग गोन्पो तिच्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं धाकट्या मुलीचं नाव सांगितलं.